वारा कमी, विस्तव खोल

लोहारकामाची हौस असलेल्या वाचकांचे कोळशाच्या भट्टीबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं छोट्या भट्टीपुरती आहेत: १२ मिमीपर्यंतची सळई, आकडे, कड्या, खुरपं, फार तर कोयता.

प्रश्न: घरामागे पत्र्याची शेड आहे. भंगारातून टेंपोचा ब्रेक ड्रम मिळाला. त्याची भट्टी होते असं ऐकलं. मापं आणि जोडणी सांगाल का? वेल्डिंग येतं, पण जेमतेम. (सातारा)

होते, आणि पहिल्या भट्टीला याहून सोयीचं भांडं नाही. ड्रमचा आतला व्यास २५ ते ३० सेंमी आणि खोली ९ ते ११ सेंमी असेल तर उत्तम. मोठ्या ट्रकचा ड्रम ४० सेंमीच्या घरात जातो. तो फुकट मिळाला तरी घेऊ नका, नुसता कोळसा खातो. सळईला नारळाएवढा विस्तव लागतो, परातभर नाही.

ड्रम बिडाचा असतो. साध्या रॉडने बिडावर टाका मारला की निवताना शेजारीच तडा जातो. म्हणून वाऱ्याची नळी ड्रमला वेल्ड करायची नाही, बोल्टने कसायची. चाकाच्या बोल्टांची भोकं ड्रमला आयती असतात. ६ मिमी एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) प्लेटची चकती कापा, मध्ये नळीएवढं भोक पाडा आणि कडेला ड्रमच्या भोकांशी जुळणारी भोकं. नळी या चकतीला वेल्ड करा, चकती खालून ड्रमला आवळा. एमएसला एमएस जोडायला जेमतेम वेल्डिंगही पुरतं. फट राहिली तर फायर क्लेने (ताप सोसणाऱ्या मातीने) लिंपून टाका.

नळी २ इंची, काळी. जीआय नको. जस्ताचा मुलामा तापला की पांढरा धूर येतो, आणि तो छातीत गेला की त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ड्रमपासून हातभर लांबचा तुकडा तापत नाही, तिथे जीआय चालेल. ड्रमखाली १५ सेंमी नळी सरळ खाली येऊ द्या, मग टी (तीन तोंडांचा जोड). टीच्या आडव्या तोंडाला ब्लोअरकडून येणारी नळी जोडा, खालच्या तोंडाला आणखी १५ सेंमीचा तुकडा आणि त्याला बिजागरीवरचं झाकण. राख इथून काढायची. झाकण वजनाने आपोआप मिटेल असं हवं, बोल्टने घट्ट बसवू नका. कारण खाली नगरच्या वाचकांच्या उत्तरात येईल.

ड्रमच्या मधल्या भोकावर आतून १० मिमी जाडीची प्लेट टाका आणि तिला १२ मिमी रुंद, ६ सेंमी लांब अशा तीन खाचा पाडा. गोल भोकंही चालतात, पण ती लवकर बुजतात. ही जाळी सैलच राहू द्या. ती जळते, वाकते, बदलावी लागते.

आता ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते. ड्रमचा तळ सपाट असतो, कोपऱ्यांत वारा पोचत नाही आणि तिथला कोळसा अर्धवट जळून नुसता धुमसतो. फायर क्ले एक भाग, वाळू दोन भाग, पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल पण हाताला चिकटणार नाही. या मिश्रणाने कोपरे भरून आतून वाटीचा आकार द्या: वर २०-२२ सेंमी, तळाशी १० सेंमी. चार-पाच दिवस सावलीत वाळवा, मग लाकडाच्या ढलप्यांचा बारीक जाळ तासभर करा. ओल्या अस्तरावर एकदम मोठी भट्टी पेटवली की आतली वाफ ढलपे उडवते. सिमेंट वापरू नका, तापलं की फुटतं.

टेबल ४ मिमी पत्र्याचं, साधारण ६० बाय ७५ सेंमी, ४० मिमी अँगलच्या पायांवर. ड्रम टेबलात असा बसवा की त्याची कड पत्र्याच्या बरोबरीला येईल. मग पत्र्यावर आडवी ठेवून सरकवलेली सळई आपोआप जाळीपासून १० सेंमीवर पडते, आणि हीच तिची जागा. खालून येणारी हवा तेवढ्या अंतरात जळून संपलेली असते, वर उष्णता असते पण मोकळा प्राणवायू फारसा नसतो. ड्रम वर उचलून बसवला तर सळई तिरकी खाली घुसते, तिचं टोक वाऱ्याच्या तोंडाशी जातं आणि पुढची निम्मी दुखणी तिथून सुरू होतात. कडेने तीन विटा रचून निखाऱ्यांचा ढीग कडेच्या वर ५-७ सेंमी राहील असं करा.

प्रश्न: जुना एक्झॉस्ट फॅन नळीला जोडला. वारा हाताला जोरात लागतो, पण कोळसा टाकला की विस्तव मरतो. (जळगाव)

तो पंखा मोकळ्यात हवा ढकलतो, अडथळ्यापुढे त्याला दाब धरता येत नाही. कूलरच्या पात्यांचं, टेबल फॅनचं तेच. भट्टीला लागतो गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर, जो मधून हवा ओढून कडेने फेकतो. पावसाळ्यात रस्त्यावर कणीस भाजणारे हाताने फिरवतात तो छोटा पत्र्याचा पंखा याच जातीचा. लोणारी (लाकडाचा) कोळसा आणि १० मिमी सळई एवढ्यावर तो निभावतो, आणि शिकणाऱ्याला तोच उत्तम, कारण हात थांबला की वारा थांबतो. विजेचा घेणार असाल तर बाजारात मिळणारा २ इंची तोंडाचा ब्लोअर पुरून उरतो. जोर रेग्युलेटरने कमी करायला जाऊ नका, बऱ्याच मोटरी त्याने तापतात. नळीच्या वाटेत पत्र्याची सरकती झडप बसवा. झडप मिटल्याने या जातीच्या ब्लोअरवर ताण येत नाही, उलट कमी होतो.

प्रश्न: शेतावर वीज नाही, वेल्डिंगही नाही. घिसाडी लोक रस्त्याकडेला जमिनीत भट्टी लावतात तशी करायची आहे. मातीची करून पाहिली, दोनदा भेगा पडून ढासळली. (परभणी)

माती काळी असणार. कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तेच भट्टीत घडतं. कुंभाराकडची माती आणा. ती एक भाग, बारीक वाळू दोन भाग आणि मूठ-दोन मूठ भाताचं तूस. तूस जळून गेलं की मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि आकसण्याला वाव मिळतो.

जमिनीतल्या भट्टीत वारा खालून नाही, बाजूने येतो. खड्डा २५ सेंमी लांब, २० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल. वाऱ्याची नळी १ इंची, जाड अंगाची, खड्ड्याच्या तळापासून ५-६ सेंमी वर आडवी आणा. तळाशी राहिलेली जागा राख आणि खंगर (वितळून थिजलेली राख) साचायला लागते. नळी तळालाच टेकवली तर अर्ध्या तासात तोंड बंद. नळीचं टोक उघडं ठेवलं तर ते वितळून झडत जातं, म्हणून ते मातीच्या भिंतीत २-३ सेंमी मागेच राहू द्या आणि पुढचं भोक मातीतच घडवा. भिंत नळीभोवती ५ सेंमी तरी जाड हवी. दर दोन-तीन खेपांना हे मातीचं तोंड झिजतं. ओल्या मातीचा हात फिरवून वाळू दिलं की झालं.

सळई नळीच्या अगदी तोंडासमोर धरायची नाही. तोंडापासून ८-१० सेंमी पुढे आणि थोडी वर, निखाऱ्यांत गाडून धरायची.

कडेला दगड लावणार असाल तर नदीतले गोटे नकोत. त्यात मुरलेलं पाणी तापून गोटा बंदुकीसारखा फुटतो. विटा लावा.

प्रश्न: कोळसा कुठला घ्यावा? इथे दगडी कोळसा सहज मिळतो, पण सगळे कोक घ्या म्हणतात. व्हाइट कोल स्वस्त पडतो, तो चालेल का? (चंद्रपूर)

व्हाइट कोल आधी बाजूला काढू. तो भुसा, भुईमुगाची टरफलं, बगॅस असं दाबून केलेलं जळण. बॉयलरला ठीक, भट्टीत त्याचा धूर होतो आणि निखारा धरायच्या आत भुगा होतो.

तुमच्या भागातला दगडी कोळसा वीजघरांसाठी खणला जातो. तो बहुतांशी न चिकटणारा आणि राखेला भारी. भट्टीचा उत्तम कोळसा तापला की मऊ होतो, एकमेकाला चिकटतो आणि आतल्या आत कोक (धूर-वायू निघून गेलेला दगडी कोळसा) होऊन विस्तवाभोवती घुमटी धरतो. असा कोळसा आपल्याकडे मुख्यतः झारखंडात, झरियाच्या खाणींत. चिकटणारा कोळसा ओळखायची परीक्षा घरच्या घरी होते. मूठभर कोळसा कुटा, पत्र्याच्या डबीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकणाला खिळ्याने भोक पाडा (भोक विसरलात तर झाकण उडेल) आणि डबी उघड्यावर निखाऱ्यांत ठेवा. भोकातून धूर आणि मग ज्योत येईल. ती थांबली की डबी काढून निवू द्या. आत फुगलेला सलग खडा निघाला तर कोळसा भट्टीचा. भुकटी तशीच राहिली तर तो चुलीचा.

न चिकटणाऱ्या कोळशावर काम होतच नाही असं नाही. होतं, पण धूर जास्त, खंगर जास्त, आणि विस्तव सारखा ढासळतो. शिकणाऱ्याने एकाच वेळी सळईकडे आणि ढासळत्या विस्तवाकडे बघणं अवघड.

कोक स्वच्छ जळतो, धूर जवळजवळ नाही, ताव सणसणीत. अडचणी दोन. एक, फाउंड्रीचा कोक मुठीएवढ्या ढेकळांत येतो, तो फोडून सुपारी ते लिंबू एवढा करावा लागतो. फोडताना चष्मा लावा, काचेसारखे कण उडतात. दोन, कोकला वारा सतत हवा. छोटी भट्टी पाच मिनिटं वाऱ्यावाचून राहिली की कोक काळा पडतो. हाताने पंखा फिरवणाऱ्याने नुसत्या कोकच्या वाटेला जाऊ नये.

आमचा कौल लोणारी कोळशाला. वेड्या बाभळीचा असला तरी चालेल, फक्त तो कडक हवा. तुकडा तुकड्यावर आपटला की खणकन वाजला पाहिजे, धप्प नाही. पेटतो पटकन, गंधक नाही, खंगर जवळजवळ नाही, वारा कमी लागतो. हलका असल्यामुळे पोतं लवकर रितं होतं आणि ठिणग्या फार उडतात, म्हणून गवताच्या गंजीजवळ बसू नका. तुकडे बोर ते आवळ्याएवढे करा, भुगा चाळून टाका. लोणारी कोळशाला खोली जास्त लागते, जाळीपासून १५ ते १८ सेंमी, तेव्हा ड्रमभोवतीच्या विटा उंच करा आणि सळईही थोडी वर धरा. चार-सहा खेपांनंतर निम्मा कोक मिसळायला लागा.

तीन तासांच्या कामाला अंदाजे ६ ते ८ किलो कोळसा धरा. यापेक्षा फार जास्त जात असेल तर विस्तव पसरट झाला आहे.

प्रश्न: पेटवताना अर्धा तास पिवळा धूर येतो, शेजारी भांडायला येतात. (नाशिक)

शेजाऱ्यांचं बरोबर आहे. तो धूर म्हणजे न जळलेला वायू. थंड विस्तवावर ओंजळी-ओंजळीने नवा दगडी कोळसा ओतला की होतो. पेटवण्याचा क्रम असा ठेवा: जाळी साफ, तिच्यावर कागदाचा बोळा, ढलप्यांची मूठ आणि वर डबाभर लोणारी कोळसा. वारा अगदी मंद. कोळसा लाल झाला की दगडी कोळसा किंवा कोक आधी कडेने रचा, मध्यावर नाही. मधली ज्योत उघडी राहिली पाहिजे, कारण कडेच्या कोळशातून निघणारा धूर त्याच ज्योतीतून जाऊन जळतो. पुढेही नवा कोळसा नेहमी कडेला टाकायचा आणि तिथे तापून धूर संपला की आकडीने आत लोटायचा. १५ ते २० मिनिटांत भट्टी कामाला लागते. कडेचा दगडी कोळसा पाण्याचा हबका मारून ओलसर ठेवला तर विस्तव पसरत नाही. पाणी मध्यावर मात्र नको.

प्रश्न: पहिला तास छान जातो. मग कितीही वारा मारा, सळई लाल होऊन थांबते, पिवळी होत नाही. (नागपूर)

खंगर. कोळशातली राख वितळते, खाली ओघळते आणि वारा लागून जाळीवर थापा धरते. वारा कडेकडेने निघतो, मध्य मरतो. विस्तवात मधोमध काळसर डाग दिसतो, आकडी खुपसली तर चिकट, लोंबती वस्तू लागते. तशी ओढायला गेलात तर ती विस्तवभर पसरते. वारा बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. ती घट्ट होते आणि आकडीने बहुधा एकाच वेढ्यासारख्या तुकड्यात उचलली जाते. राखेला भारी असलेल्या कोळशात दर अर्ध्या-पाऊण तासाला हे करावं लागतं, त्यासाठी विस्तव मरायची वाट पाहू नये. काढलेला खंगर पायवाटेवर टाकू नका, निवल्यावर काचेसारखा कापतो.

प्रश्न: सळईचं टोक फुलबाजीसारखं तडतडून झडतं. जे उरतं त्यावर जाड काळी पपडी येते. कोळसा खराब आहे का? (कोल्हापूर)

कोळशाचा दोष नाही, वारा जास्त आहे. फुलबाजी दिसली म्हणजे पोलाद जळतंय. जळालेलं टोक पुन्हा ठोकून जुळत नाही, ते कापून टाकण्याखेरीज इलाज नाही. साधं एमएस फिकट पिवळ्यापर्यंत, म्हणजे १२०० अंशांच्या आसपास, सहन करतं. ट्रकच्या कमानपाट्यासारखं (स्प्रिंगच्या पट्टीसारखं) जास्त कार्बनचं पोलाद त्याच्या बरंच आधी जळतं, त्याला गडद पिवळ्याच्या वर नेऊ नका.

झडप निम्मी मिटा. १० मिमी सळई नारिंगी व्हायला दोनेक मिनिटं लागली तर वारा बरोबर आहे. अर्ध्या मिनिटात होत असेल तर तुम्ही कोळसाही जाळताय आणि लोखंडही. ऐरणीवर असताना वारा बंद. विस्तव आतून पोकळ झालाय का तेही बघा. वरून ढीग शाबूत दिसतो, खाली गुहा झालेली असते आणि सळई त्या गुहेत, नुसत्या वाऱ्यावर, भाजत असते. दर खेपेला आकडीने वरून हलकं दाबा.

आणखी एक कारण नेहमी निघतं: भट्टी उन्हात आहे. उन्हात ७०० अंशांची लाली दिसतच नाही, सळई काळी वाटते, म्हणून माणूस आणखी तापवतो. भट्टी आणि ऐरण दोन्ही सावलीत घ्या. गर्द लाल ७००, उजळ लाल ८००, नारिंगी ९५०, पिवळा ११०० अंश सेल्सिअस, हे सावलीतले रंग. ठोकायचं नारिंगी-पिवळ्यात. लाली मावळली की हातोडा खाली. काळ्या-निळ्या तापावर ठोकलेलं पोलाद चिरतं.

प्रश्न: चहाला ब्लोअर बंद करून गेलो. परत येऊन सुरू केला तर नळीत बार उडाला, ब्लोअरचा पत्रा फाटला. (नगर)

थोडक्यात निभावलं. वारा बंद असताना विस्तवातून ज्वालाग्राही वायू निघत राहतो, आणि वर नवा दगडी कोळसा दाबून टाकला असेल तर वर जायची वाट बंद होऊन तो नळीत उतरतो. नळीत हवेत मिसळतो, आणि बटण दाबल्यावर ते मिश्रण थेट निखाऱ्यांवर जातं. उपाय तीन आहेत, तिन्ही करा. वारा थांबवला की राखेचं झाकण उघडं टाका. ओला किंवा नवा कोळसा टाकून लगेच उठू नका, मध्यावर ज्योत दिसत असतानाच जा. पुन्हा सुरू करताना झाकण उघडंच ठेवून काही सेकंद वारा सोडा, मग मिटा. झाकण नुसतं वजनावर मिटणारं असावं ते याचसाठी. तरी बार झालाच तर ते उघडतं आणि ब्लोअर वाचतो.

प्रश्न: ऐरण महाग आहे. रेल्वेच्या रुळाचा तुकडा चालेल ना? आणि पहिली हत्यारं कोणती घेऊ? (मिरज)

चालतो, पण रुळाच्या कडेला पडलेला उचलून आणू नका. रेल्वे मालमत्तेचा बेकायदेशीर ताबा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तुकडा तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आला हे तुम्हालाच दाखवावं लागतं. लिलावात माल घेतलेल्या भंगारवाल्याकडून पावतीसह घ्या.

सगळे तुकडा आडवा ठेवतात. मग हातोड्याखाली रुळाचं डोकं आणि त्याखाली बारीक मान, तुकडा उसळतो आणि कानठळ्या बसवतो. उभा गाडा. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाचा ४० सेंमी तुकडा २४ किलोचा होतो आणि उभा केल्यावर ते सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. वरचं तोंड लहान वाटेल, पण घाव तेवढ्याच जागेत पडतो. बाभळीच्या ओंडक्यात खाच करून १५ सेंमी आत बसवा, भोवती वाळू ठोकून भरा. उंची: ताठ उभं राहून मूठ वळलेला हात खाली सोडला की बोटांची पेरं वरच्या तोंडाला लागली पाहिजेत. कानात बोळे हवेतच.

हातोडी ८०० ग्रॅम ते १ किलो, जास्त जड नको. तोंडाची धारदार कड कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर उमटते. सांडशी पहिल्या महिन्यात नसली तरी चालते. ६० सेंमी लांबीची सळई घ्या, तिचं दुसरं टोक हातात धरता येतं. बांधकामाची टीएमटी सळई शिकायला घेऊ नका, तिचं अंग बाहेरून कडक, आतून मऊ असतं. १० किंवा १२ मिमी चौरस एमएस घ्या. चौरस सळई पिळली, वाकली की चूक लगेच दिसते. सुती कपडे, चष्मा, बंद बूट. हातोडीच्या हातात मोजा नको, पकड सुटते. तापलेलं लोखंड शहाबादी फरशीवर किंवा ओल्या काँक्रीटवर पडलं तर ढलपा उडतो, म्हणून पायाखाली माती बरी.

प्रश्न: कमानपाट्याचा कोयता केला, लाल करून पाण्यात घातला. टिंग असा आवाज आला आणि धारेत आडवी चीर. (सिंधुदुर्ग)

कमानपाट्याचं पोलाद तेलाचं आहे, पाण्याचं नाही. पाण्यात ते इतक्या झपाट्याने निवतं की बाहेरचं अंग आधी कडक होतं आणि मागून कडक होताना फुगणारं आतलं अंग त्याला फाडतं. शेंगतेल किंवा सोयाबीनचं तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी.

पाणी देण्याआधी, तेलात बुडवायचं असलं तरी लोहार त्याला पाणी देणंच म्हणतात, कोयता तीनदा नुसता तापवून हवेत निवू द्या. म्हणजे ठोकताना आलेला ताण जातो. ताव किती हे रंगावर सोडू नका, तारेला बांधलेलं चुंबक ठेवा. चुंबक चिकटायचं थांबलं की त्याच्या किंचित वर नेऊन आधी धार बुडवा. पातं हलवायचं ते पुढे-मागे. आडवं हलवलं तर वाकतं. लगेच पॉलिश पेपरने एक बाजू चकचकीत करा आणि पाठीकडून मंद तापवा. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग सरकत धारेकडे येतील. कोयत्याला जांभळ्या-निळ्यावर थांबा, म्हणजे २८० ते ३०० अंश. पिवळ्यावर थांबलात तर धार पहिल्या गाठीला तुटेल. एक शक्यता अशीही आहे की चीर पाट्यात आधीचीच असेल. ट्रकखाली वर्षानुवर्षं राबलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात.

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लहान भट्टी ठेवता येईल का? (पुणे)

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो उघड्या खिडकीतून घरात येतो. लोणारी कोळशाला धूर नाही म्हणून तो निर्धोक असं समजू नका. गॅसची भट्टी करून घरचा सिलिंडर जोडायचा विचार असेल तर तोही सोडा. शेड असलेल्यांसाठी: धुराडं २५ ते ३० सेंमी व्यासाचं हवं आणि त्याचं तोंड विस्तवाच्या शेजारी, पाठीमागे. वर उंचावर टांगलेली छत्री धूर ओढत नाही. १५ सेंमीचा पाइप लावून सगळे फसतात.

प्रश्न: काम संपल्यावर भट्टीवर बादलीभर पाणी मारतो. परवा ड्रम उभा तडकला. (सातारा जिल्ह्यातूनच, दुसरे वाचक)

तापलेलं बीड आणि गार पाणी, दुसरं काय होणार. वारा बंद करा, झाकण उघडा, निखारे आकडीने कडेला टेबलावर पसरा. वेगळे झालेले निखारे स्वतःच विझतात. घाईच असेल तर पसरलेल्या निखाऱ्यांवर हाताने शिंपडा, ड्रमवर नाही. अर्धवट जळालेला, करडा, हलका झालेला कोळसा फेकू नका. तो घरचा कोक. दुसऱ्या दिवशी पेटवताना लोणारी कोळशावर आधी तोच टाकायचा, धूर होत नाही. राख लगेच प्लॅस्टिकच्या पोत्यात भरू नये, आतला निखारा रात्रभर जिवंत राहतो. पत्र्याच्या बादलीत झाकून ठेवा, सकाळी चाळा: खडे परत भट्टीला, खंगर खड्ड्यात. तडकलेला ड्रम टाकायची गरज नाही. भेगेत फायर क्ले भरा, बाहेरून पट्टीचा गोल वेढा बोल्टने आवळा.